घाटात बंद पडलेली गाडी : इंजिन बांधावे की आहे तशी विकावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या एका शिक्षकांची डिझेल स्विफ्ट पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटाच्या चढावर गरम झाली. गाडीची नोंदणी जून २०१४ ची आहे आणि ती १ लाख १८ हजार किलोमीटर चालली आहे. तापमानाच्या काट्याने लाल खूण गाठली, पण थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला, म्हणून त्यांनी गाडी तशीच पुढे नेली. घाट उतरून सुरूर फाट्याच्या अलीकडे गाडीने ओढ सोडली, खडखड आवाज आला आणि इंजिन बंद पडले. आता किल्ली फिरवली की एकदाच 'टक्' असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. साताऱ्यातील एका गॅरेजने इंजिन न खोलताच पूर्ण कामाचा १ लाख ४० हजारांचा अंदाज दिला. दुसऱ्याने ६५ हजारांत जुने इंजिन बसवून देण्याची तयारी दाखवली. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने आहे त्या स्थितीत ८५ हजार देऊ केले. अशीच गाडी चालू स्थितीत त्यांच्या भागात २ लाख ७० हजारांच्या आसपास जाते. गाडी वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली होती आणि आईची ती विकायची इच्छा नाही. अशा वेळी काय करावे आणि विम्याचे काही मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २८ वर्षे कोल्हापुरात गॅरेज चालवतो आणि हा प्रश्न माझ्यासमोर महिन्यातून एकदा तरी येतो. सर, माझे पहिले म्हणणे असे की तुमच्यासमोर ठेवलेल्या तिन्ही आकड्यांपैकी एकही आकडा तुमच्या इंजिनाची अवस्था पाहून दिलेला नाही. १ लाख ४० हजारांचा अंदाज सगळेच गेले आहे असे धरून दिला आहे, ६५ हजारांचा अंदाज काय गेले आहे हे पाहायची गरजच नाही असे धरून दिला आहे, आणि व्यापाऱ्याने ८५ हजार सांगताना स्वतःचा धोका वजा करून घेतला आहे. आत नेमके काय बिघडले आहे हे कळेपर्यंत दुरुस्ती आणि विक्री यांची तुलना करताच येत नाही. ते कळून घेण्याचा खर्च या सगळ्या व्यवहारातला सर्वांत लहान खर्च आहे आणि नेमका तोच बहुतेक लोक वाचवतात.

आधी घाटात काय घडले असावे ते सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. तुमच्या गाडीत फियाटच्या घराण्यातले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आहे. याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, बिडाचा आणि हेड, म्हणजे त्यावर बसणारे झाकण, ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर तापले की सर्वांत आधी हेड वाकते आणि हेड व ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट (सांधा गळू न देणारा पातळ थर) जाते. काटा आपोआप खाली आला, ही तुमच्या हकिकतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, बुडालेला असतो. कूलंट निघून गेले की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत उघडा राहतो आणि कमी तापमान दाखवू लागतो. म्हणजे काटा खाली आला तेव्हा इंजिन गार झालेले नव्हते, बहुधा त्यातले पाणीच संपले होते. यात तुम्हाला दोष देत नाही. काट्यावर विश्वास ठेवणे स्वाभाविक आहे आणि गाडी शिकवताना ही गोष्ट कोणी सांगत नाही. पण लाल खुणेपर्यंत गेलेला काटा गाडी उभी न करता अचानक खाली आला, तर ते चांगले लक्षण समजू नये, हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

आता 'टक्' या आवाजाविषयी. इंजिन फिरत नाही म्हणजे ते जाम झाले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण न फिरण्याची चार वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांच्या खर्चात काही हजारांपासून लाखापर्यंत अंतर आहे. बॅटरी उतरली असेल किंवा स्टार्टर अडकला असेल. फुटलेल्या गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरून पिस्टनच्या डोक्यावर साचले असेल. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येऊच शकत नाही आणि इंजिन जाम झाल्यासारखे वाटते. पिस्टन तापून फुगला असेल आणि सिलिंडरच्या भिंतीला घासून धरला असेल. किंवा तेल पातळ होऊन क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, बेअरिंग पकडले असेल. तुम्ही सांगितलेली खडखड ऐकून मला शेवटच्या दोन शक्यतांची काळजी वाटते, पण नुसत्या आवाजाच्या वर्णनावरून निदान करणारा मेकॅनिक तुम्हाला भेटला, तर त्याच्या हाती गाडी देऊ नका.

ही परीक्षा अर्ध्या दिवसाची आहे. चांगली बॅटरी लावून पाहिल्यावर पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावायचा आणि हाताने इंजिन फिरवून बघायचे. थोडे फिरून एका ठिकाणी मऊसर अडले, तर पाण्याचा संशय घ्यायचा. तेव्हा ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) किंवा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून पुन्हा फिरवले की त्या भोकातून कूलंटची पिचकारी उडते आणि इंजिन मोकळे होते. अजिबात हलले नाही, किंवा हलताना किरकिर घासल्याचे हाताला जाणवले, तर बाब गंभीर आहे. या इंजिनाचे इंजेक्टर वर्षानुवर्षांच्या काजळीने हेडमध्ये घट्ट बसतात आणि ग्लो प्लग घाईने काढताना तुटतात, म्हणून हे काम ज्याने हीच इंजिने उघडली आहेत त्याच्याकडूनच करून घ्या. त्याच वेळी तेलाची डिपस्टिक आणि तेल भरायचे झाकण पाहा. तेल चहात दूध पडल्यासारखे झाले असेल, तर पाणी तेलात गेले आहे. मग चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) बोल्ट काढून तेल स्वच्छ भांड्यात सोडायला लावा आणि ते भांडे उन्हात धरा. तेलात चांदीसारखी बारीक चमक दिसली, तर बेअरिंग किंवा पिस्टनचा धातू सुटला आहे. तेल काळेच पण निर्मळ असेल, तर खालचा भाग वाचला असण्याची आशा बरीच वाढते.

यानंतरच हेड उघडायचा विषय येतो, आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. इंजिन खोलून सुटे भाग खोक्यात भरलेल्या गाडीला व्यापारी न खोललेल्या गाडीपेक्षा कमी पैसे देतो, कारण काय हरवले आणि काय बदलले गेले हे त्याला कळत नाही. म्हणून हेड उघडण्यापूर्वी किमान दोन-तीन ठिकाणांहून आहे त्या स्थितीतला भाव विचारून घ्या आणि हेड खोलल्यावर तो भाव किती राहील, तेही विचारा. गॅरेजशी बोली करताना 'हेड उघडून मोजमापे दाखवायची, त्याचे एवढे पैसे, आणि पुढचे काम मी हो म्हटल्याशिवाय करायचे नाही' हे कागदावर लिहून घ्या. माझ्याकडे अशा कामाचे आठ ते दहा हजार होतात. दुरुस्ती झालीच, तर ही मजुरी पुढच्या कामात धरली जाते. मात्र यात फार दिवस घालवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर तीन-चार आठवड्यांत भिंतीला आणि रिंगांना गंज धरतो, आणि जे इंजिन नुसत्या हेडच्या कामावर सुटले असते ते पिस्टन-रिंगांच्या कामापर्यंत जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे अशा कितीतरी गाड्या आल्या. पाणी ओसरल्यावर लगेच उघडलेली इंजिने वाचली. विम्याच्या निर्णयाची वाट पाहत महिनाभर उभी राहिलेली इंजिने गंजून गेली.

हेड निघाल्यावर काय पाहायचे ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचे पैसे इथे ठरतात. आम्ही हेड स्वच्छ धुऊन शिवाजी उद्यमनगरात मशीनवर काम करणाऱ्या कारागिराकडे नेतो. तो हेडच्या सपाट बाजूवर पोलादाची सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवतो आणि पट्टीखाली फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती सरकवून पाहतो. ०.०५ मिलिमीटरचे पाते जात नसेल, तर हेड जवळजवळ सरळ आहे. तापून वाकलेल्या हेडवर पट्टीखाली मधोमध ०.१५ किंवा ०.२० चे पातेही विनासायास सरकते. असे हेड घासून सपाट करता येते, पण त्याला मर्यादा आहे. काही हेड कंपनीच्या नियमानुसार घासताच येत नाहीत, आणि डिझेल इंजिनात हेड घासल्यावर पिस्टन व वॉल्व्ह यांच्यातले अंतर कमी होते, म्हणून गॅस्केटची जाडी मोजून निवडावी लागते. यानंतर हेडची सगळी पाण्याची तोंडे रबर लावून बंद करतात, आत हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. भेगा नसतील, तर पाणी शांत राहते. मी असे हेड पाहिले आहे की ज्याच्या दोन वॉल्व्ह सीटांच्या मधल्या अरुंद जागेतून मोहरीएवढे बुडबुडे एका रांगेत वर येत होते, आणि कोरड्या हेडवर तिथे भिंग लावूनही भेग दिसत नव्हती. ही टाकीची परीक्षा न करता हेड परत बसवणाऱ्या गॅरेजमधून गाडी दोन महिन्यांत पुन्हा टोचणावर (दुसऱ्या गाडीने ओढत) येते. तुमचे हेड दुरुस्त होईल असे ठरले, तर या परीक्षेचा कागद मागा, आणि हेडचे बोल्ट नवेच टाकायला सांगा. हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि जुने पुन्हा वापरल्यास पकड भरवशाची राहत नाही.

खालच्या बाजूचे सत्य बेअरिंगमध्ये असते. चेंबर काढून पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडची टोपी उघडली की बेअरिंगची अर्धगोल पाटी हातात येते. ती पातळ असते आणि तिच्यावर थर असतात. वर राखाडी मऊ थर, त्याखाली तांबूस थर आणि पाठीला पोलाद. राखाडी थर एकसारखा आणि गुळगुळीत असेल, तर क्रँक वाचला असे समजावे. मध्ये तांबूस पट्टे उघडे पडले असतील, तर तेलाची उपासमार झालेली आहे. पाटी काळीनिळी पडून रॉडमध्येच फिरली असेल, तर क्रँकही घासला गेला आहे. क्रँक ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगे बसवता येतात, पण सगळेच क्रँक ग्राइंडिंग सहन करत नाहीत आणि इथून खर्च झपाट्याने वाढतो. पाटीचा फोटो काढून घ्यायला संकोच करू नका. चांगला मेकॅनिक ती स्वतःहून तुमच्या तळहातावर ठेवतो.

आता हिशेब मांडू. १ लाख ४० हजारांच्या अंदाजात रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नळ्या, इंजेक्टरची तपासणी, टर्बोची पाहणी, नवे कूलंट, आणि इंजिन उतरवलेच आहे म्हणून क्लच प्लेट, हे सारे धरले आहे का ते विचारा. माझ्या अनुभवात यातले निम्मे धरलेले नसते आणि बिल वीस ते पंचवीस टक्क्यांनी वर जाते. म्हणून वाईटात वाईट खर्च १ लाख ७५ हजार धरा. गाडी दुरुस्त करून विकायची, तर २ लाख ७० हजारांतून हा खर्च वजा जाता ९५ हजार उरतात. न दुरुस्त करता आज ८५ हजार मिळत आहेत. दहा हजारांसाठी दोन महिने गॅरेजच्या फेऱ्या मारणे आणि नंतर 'इंजिन खोललेली गाडी' म्हणून गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकणे, यात अर्थ नाही. त्यामुळे पूर्ण इंजिनाचे काम निघाले आणि गाडी विकायचीच असेल, तर दुरुस्ती करू नका, आहे तशी विका.

गाडी ठेवायची असेल, तर हिशेब वेगळा होतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहू नये. ८५ हजार सोडले आणि १ लाख ७५ हजार घातले, म्हणजे तुम्ही स्वतःचीच गाडी २ लाख ६० हजारांना विकत घेत आहात. तेवढ्या पैशात बाजारात दुसरी कोणती गाडी मिळते, हा खरा प्रश्न आहे. मिळेल ती बहुधा त्याच वयाची असेल, आणि तिचा मीटर खरा आहे का, तिचे अपघात किती, तिचे इंजिन कधी तापले होते, यातले काहीच तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या गाडीचा सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. चेसिस सडलेली नसेल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि एसी ठीक असतील, आणि इंजिन मोजमापाने बांधले गेले, तर ही गाडी अनोळखी गाडीपेक्षा भरवशाची ठरते. बाकीचे भागही थकलेले असतील, टायर बदलायला आले असतील, पत्रा खालून गंजला असेल, तर मात्र नव्या इंजिनाचे पैसे जुन्या सांगाड्यात जातात. म्हणून इंजिनाच्या आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्चने पाहून घ्या.

या तुलनेत वेळेचाही हिशेब आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची मुदत जून २०२९ पर्यंत आहे. त्यानंतर पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते, पण गाडीची तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क, जे मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले आहे, आणि पर्यावरण कर हे सारे त्यात येते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत जे निर्बंध आले ते महाराष्ट्रात लागू नाहीत, पण त्या बातम्यांमुळे इथलाही गिऱ्हाईक जुन्या डिझेलला बिचकतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली सरकतो. म्हणून २ लाख ७० हजार हा आकडा त्याआधीच्या ऐकिवातला असेल, तर आज पुन्हा चौकशी करा. त्याच दिवसापासून सुट्या भागांवरचा करही १८ टक्के झाला आहे, म्हणजे दुरुस्तीचा जुना अंदाज असेल तर तोही नव्याने मागा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी भाग मिळणार नाहीत ही भीती बाळगू नका. हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा यांत तर होतेच, पण टाटांच्या व्हिस्टा आणि मांझात आणि फियाटच्या पुंटो आणि लिनियातही होते. त्यामुळे त्याचे भाग आणि ते जाणणारे हात आपल्याकडे आजही भरपूर आहेत.

याच कारणाने ६५ हजारांचे जुने इंजिनही सहज मिळते, आणि त्याविषयी मला तुम्हाला आवर्जून सावध करायचे आहे. मुंबईतल्या कुर्ल्यासारख्या जुन्या भागांच्या बाजारातून येणारी इंजिने अपघातात गेलेल्या गाड्यांची असतात, पुरातल्या गाड्यांची असतात आणि कधी कधी ज्यांची कागदपत्रे दाखवता येणार नाहीत अशा गाड्यांचीही असतात. एकाच घराण्यातली असली तरी ७५ आणि ९० हॉर्सपॉवरच्या इंजिनांचे टर्बो वेगळे, आणि दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून आलेल्या इंजिनाचे माउंटिंग, चेंबर आणि वायरिंग वेगळे असते. तसे जुळवून बसवलेले इंजिन धावते, पण वर्षभर डॅशबोर्डवर बिघाडाचे दिवे लावत राहते. इंजिन घ्यायचेच असेल, तर ते बसवण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा किती दाब तयार होतो ते, मोजून दाखवायला सांगा. डिझेल इंजिनात चारही सिलिंडरचे आकडे साधारणपणे ३५० ते ४५० पीएसआयच्या पट्ट्यात आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल, तर ते इंजिन घेऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. इंजिन बदलले की त्याचे बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे घेऊन आरटीओत नव्या नंबरची नोंद करून घ्यावीच लागते. ही नोंद नसेल तर उद्या विम्याचा दावा अडतो, गाडी विकता येत नाही, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावे लागते. बिल देता येत नाही असे म्हणणाऱ्याचे इंजिन फुकटातही घेऊ नये. तुमचा स्वतःचा ब्लॉक वाचला असेल तर तोच बांधणे, आणि ब्लॉक गेला असेल तर कंपनीचे बिलासह हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा भाग) घेऊन त्यावर आपले तपासलेले हेड बसवणे, हे दोन मार्ग मला योग्य वाटतात.

विम्याचे काही मिळेल का, असेही तुम्ही विचारले आहे. मिळणार नाही. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, आणि इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असले तरी ते मुख्यतः पाणी शिरणे किंवा खालून दगड लागून तेल गळणे अशा प्रसंगांसाठी असते. रेडिएटरला समोरून दगड लागून तो फुटल्याची स्पष्ट खूण असेल, तर मात्र काहीही उघडण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत थांबा.

आता एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातली. गॅरेज सुरू केल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाचे तापून गेलेले इंजिन मन लावून बांधले. बोअर, पिस्टन, हेड, सगळे मापात होते. चाळीस दिवसांनी गाडी पुन्हा तापून आली आणि नवे काम जळून गेले. रेडिएटरच्या पंख्याचा रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) गरम झाला की काम सोडून द्यायचा, आणि मी तो गार असताना तपासून ठीक म्हटले होते. सगळा खर्च मी सोसला, पण त्या माणसाचे महिनाभराचे काम बुडाले, त्याची भरपाई मला करता आली नाही. तेव्हापासून इंजिन का तापले याचे उत्तर जॉबकार्डवर लिहिल्याशिवाय मी एकही नट सोडत नाही. तुमच्याही गाडीचे पाणी कुठून गेले हे आधी शोधायला हवे. नळी फुटली, रेडिएटरची प्लास्टिक टाकी तडकली, वॉटर पंप गळला, थर्मोस्टॅट बंद राहिला, की पंखा फिरला नाही? हे कारण सांगू न शकणाऱ्याने इंजिन कितीही चांगले बांधले, तरी ते पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात परत तापेल.

विकायचे ठरले, तर दोन गोष्टींत कसूर करू नका. पहिली, काय झाले ते खरे सांगा आणि ते पावतीवर लिहा : 'इंजिन तापून बंद पडले आहे, आहे त्या स्थितीत विक्री.' गॅस्केट बदलून आणि जाड तेल घालून महिनाभर चालेल अशी गाडी कुणा गरजू माणसाच्या गळ्यात मारणे मला मान्य नाही, आणि ती करून देणारे हात माझ्या गॅरेजमध्ये नाहीत. दुसरी, नावाचे हस्तांतर. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन, १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा आणि नाव बदललेले स्वतः ऑनलाइन पाहा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि गाडी विकली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. बंद पडलेली गाडी व्यापाऱ्याकडून मेकॅनिककडे, तिथून तिसऱ्याकडे अशी फिरते आणि मधल्या कुणालाच ती आपल्या नावावर करून घ्यायची घाई नसते. म्हणून भाव पाच हजारांनी कमी मिळाला, तरी नाव लगेच बदलून घेणाऱ्याला गाडी द्या. ती भंगारातच काढायची वेळ आली, तर रस्त्याकडेच्या भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला द्या आणि जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या. त्यावर नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात सवलतही मिळते.

वडिलांच्या आठवणीविषयी. ही बाब हिशेबात धरू नये असे मी म्हणणार नाही. आईसाठी गाडी ठेवायची असेल, तर तसे उघड ठरवा आणि त्यासाठी किती जास्त पैसे घालायची तयारी आहे, तो आकडा काम सुरू होण्याआधी घरात बसून निश्चित करा. वीस हजार असोत, तीस हजार असोत. आकडा न ठरवता भावनेने सुरू केलेले काम अर्ध्यावर थांबवता येत नाही, आणि अर्धे बांधलेले इंजिन ही सर्वांत महाग अवस्था आहे.

तुमच्या जागी मी असतो तर असे केले असते : व्यापाऱ्याचे ८५ हजार पंधरा दिवस राहतील का ते विचारून घेतले असते, अर्ध्या दिवसाची परीक्षा आणि मग हेड व एक बेअरिंग एवढेच उघडायला लावले असते. पाणी साचून अडले आहे, बेअरिंग राखाडी आहे आणि हेड टाकीत टिकले, असे निघाले तर काम साधारण ५० ते ६० हजारांत बसावे, आणि मग गाडी दुरुस्त करून ठेवायलाही परवडते आणि विकायलाही. क्रँक घासला आहे पण सिलिंडर चांगले आहेत, असे निघाले तर गाडी आणखी किमान चार वर्षे वापरायची असेल तरच, म्हणजे २०२९ चे नूतनीकरण करायची तयारी ठेवून, दुरुस्त केली असती. पिस्टन धरून सिलिंडरही ओरखडले असतील आणि हेडलाही भेग असेल, तर विकली असती. या तपासणीनंतर फीलर गेजचा आकडा, टाकीच्या परीक्षेचा निकाल आणि बेअरिंगच्या पाटीचा उजेडात काढलेला फोटो, एवढे मला कळवा. अंदाजपत्रकातली कोणती ओळ ठेवायची आणि कोणती काढायची, ते मी त्यावर एकेक करून सांगेन.